अंगावर पिणारे मूल व वरचे अन्न

दिवाळी सरून कापूस फुटला, की वर्धा जिल्ह्यातील कित्येक शाळांच्या हजेरीपटावर एक ठरावीक फरक दिसू लागतो. तिसरी-चौथीतील मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढतात. चौकशी केली असता बहुधा एकच उत्तर मिळते : आई वेचणीला जाते, आणि घरी लहान भावंड आहे. शिक्षक अशा घरी गेले, तर त्यांच्या दृष्टीस पडणारे चित्र आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत थोड्याफार फरकाने सारखेच असते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर दीड वर्षाचे मूल आहे. त्याच्या मुठीत ओले झालेले बिस्कीट आहे. चुलीजवळच्या वाटीत सकाळी कालवून ठेवलेला वरण-भात आहे तसाच वाळत आहे. मुलगी सांगते, "कायी खातच नाई जी, गुरुजी. निरा मायची वाट पायते." सायंकाळी आई परतली, की मूल तिला बिलगते आणि रात्रभर अंगावरून सुटत नाही. सकाळी त्याला भूक नसते व आईला उसंत नसते. तोच वरण-भात पुन्हा त्याच वाटीत येतो.

अशा मुलाविषयी गावात दोन मते ऐकू येतात. पहिले असे की, मूल अंगावर पीत आहे तोवर चिंतेचे कारण नाही. दात पुरते आले, चालू लागले, म्हणजे आपोआप खाईल. दुसरे नेमके उलट. "आंगावरचं तोडल्याशिवाय खानार नाई थे," असे घरातील वडीलधारी स्त्री निक्षून सांगते, आणि मग कडुनिंबाचा पाला वाटून लावण्याचा किंवा मुलाला आठ दिवस आजोळी पाठविण्याचा बेत होतो. ही दोन्ही मते प्रेमापोटीच मांडली जातात. तथापि दोन्ही चुकीची आहेत. पहिल्याने अन्न लांबते, दुसऱ्याने दूध अकाली जाते, आणि दोन्हींचे नुकसान एकाच मुलाच्या वाट्यास येते. दूध चालू ठेवूनच मुलास अन्नाची गोडी लावता येते व ती लावलीच पाहिजे, ही गोष्ट प्राथमिक शिक्षकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. हे काम अंगणवाडीचे आहे, शाळेचे नव्हे, अशी शंका कोणाच्या मनात येईल. तिचे उत्तर पुढील विवेचनात मिळेल.

प्रथम आईच्या दुधाचा विचार करू. जन्मापासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत बालकास आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. पाणी, मध किंवा गुटीही देऊ नये. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करावे, आणि दूध दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही आई व मूल यांची इच्छा असेल तोवर चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे व भारत सरकारचेही मार्गदर्शन आहे. त्यामागील हिशेब साधा आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बालकास दिवसाकाठी सुमारे ६०० उष्मांक लागतात. त्यांपैकी ४०० दुधातून मिळतात व २०० अन्नातून यावे लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत अन्नाचा वाटा ३०० होतो. वर्ष उलटल्यावर गरज ९०० च्या घरात जाते. दुधातून सरासरी ३५० मिळतात; उरलेले ५५० उष्मांक अन्नाकडूनच यावे लागतात. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाला आईचे दूध अद्यापि एक तृतीयांशाहून अधिक पोषण देत असते. ते निरुपयोगी झालेले नसते. परंतु उरलेला मोठा वाटा ते देऊ शकत नाही, आणि मूल रात्रभर पीत राहिले तरी ही तूट भरून निघत नाही.

उष्मांकांची तूट डोळ्यांना दिसते. मूल वाळते, सहाव्या महिन्यापर्यंत धरलेले बाळसे वर्षाचे होईतो उतरते, आणि घरचे लोक त्याचा दोष येणाऱ्या दातांना देतात. दात बिचारे या बाबतीत फार बदनाम झाले आहेत. ज्या महिन्यांत दात येतात त्याच महिन्यांत अन्नाची गरज वाढते आणि रांगणारे मूल जमिनीवरचे सर्व काही तोंडात घालू लागते, म्हणून दात, हगवण व वाळणे ही तिन्ही एकत्र दिसतात. एकामुळे दुसरे होते असे नाही.

दुसरी तूट दिसत नाही, आणि शिक्षकांचा संबंध मुख्यतः तिच्याशीच आहे. ही तूट लोहाची होय. आईच्या दुधातील लोह बालकाच्या अंगी फार चांगले लागते, परंतु त्याचे प्रमाणच अत्यल्प असते. एक लिटर दुधात अर्धा मिलिग्रॅम लोहही नसते. निसर्गाने याची तजवीज केलेली आहे. पूर्ण दिवसांचे मूल जन्मताना आपल्या शरीरात लोहाचा साठा घेऊन येते व तो साधारणपणे सहा महिने पुरतो. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बालकाचा साठा त्याहून लवकर संपतो. साठा संपल्यावर लोह अन्नातून आले नाही, तर रक्त फिके पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ६७ टक्के बालके रक्तक्षयाची आढळली. त्याच पाहणीत ६ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी पुरेसा व विविध आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण अवघे ११ टक्क्यांच्या आसपास होते. या दोन आकड्यांत जवळचा संबंध आहे.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते, आणि न खाणाऱ्या मुलाचे कोडे पुष्कळ अंशी त्यात उलगडते. लोह कमी झालेल्या मुलाची भूक मंदावते. ते चिडचिडे होते, आईला सोडीत नाही, खेळात त्याचे मन लागत नाही. भूक नाही म्हणून ते खात नाही. खात नाही म्हणून लोह आणखी कमी होते. अस्वस्थ वाटते म्हणून पुन्हा पुन्हा अंगावर जाते. पाहणाऱ्यास वाटते की, अंगावर पिते म्हणून खात नाही. प्रत्यक्षात कारणाची साखळी बरीच निराळी असते. म्हणून केवळ दूध तोडल्याने अशा मुलास भूक लागेलच असे नाही, उलट जे एक तृतीयांश पोषण हमखास मिळत होते तेही बंद होते. 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' या २०१८ साली सुरू झालेल्या कार्यक्रमानुसार सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांस आठवड्यातून दोन वेळा एक मिलिलिटर लोहाचे औषध द्यावयाचे असते व ते आशाताईंमार्फत मिळते. बाटली घरात येते आणि फळीवर राहते, असेही घडते.

लहानपणीच्या लोहाच्या कमतरतेचा परिणाम शाळेपर्यंत पोहोचतो काय, हा प्रश्न मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात बेट्सी लोझॉफ या बालरोगतज्ज्ञ विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासला. तान्हेपणी तीव्र व दीर्घकाळ लोहाची उणीव असलेल्या बालकांना पुढे औषध देऊन त्यांचे रक्त सुधारण्यात आले होते. तरीही पाचव्या वर्षी, आणि पुन्हा अकरा ते चौदा वर्षांच्या वयात, ही मुले बौद्धिक चाचण्यांत व शाळेच्या कामात इतरांच्या मागे पडलेली आढळली. त्याच भागातील ग्वाटेमाला देशात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांतून मुलांस पूरक पेय देण्यात आले. दोन खेड्यांत ते प्रथिनयुक्त व पौष्टिक होते, दोन खेड्यांत साधे. ज्या मुलींना तिसऱ्या वर्षाच्या आत पौष्टिक पेय मिळाले, त्या पुढे सरासरी एक इयत्ता अधिक शिकल्या. दुसरीच्या वर्गात मागे बसून फळ्याकडे शून्य नजरेने पाहणारे, सांगितलेले पाचव्या मिनिटास विसरणारे मूल प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते. त्याला मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याची दीड वर्षाची वाटी आठवावी. आता त्या वाटीत काही घालता येत नाही. पण त्याचे धाकटे भावंड अद्यापि कडेवर आहे, आणि म्हणूनच हे काम शाळेचेही आहे.

आपल्याकडे वरच्या अन्नाचा आरंभ शास्त्राला धरूनच होतो, ही समाधानाची गोष्ट आहे. उष्टावण सहाव्या महिन्याच्या सुमारास होते. मामा मांडीवर घेतो, चांदीच्या किंवा चकचकीत पितळी वाटीतील खिरीचे बोट मुलाच्या जिभेवर लावतो, बायका ओवाळतात. अडचण दुसऱ्या दिवशी उत्पन्न होते. समारंभ झाला म्हणजे अन्न सुरू झाले असे घर समजते, आणि पुढे दोन-दोन, तीन-तीन महिने मुलाच्या तोंडी काहीच नियमाने पडत नाही. पडते ते वरणाचे पाणी.

या वरणाच्या पाण्याविषयी सविस्तर लिहिणे जरूर आहे, कारण आपल्या जिल्ह्यात तुरीला तोटा नाही आणि तरीही मुलांच्या वाट्यास तुरीचे पाणीच येते. शिजलेल्या डाळीवरचे निवळ पाणी पचावयास हलके, ही समजूत खरी आहे. हलके असण्याचे कारण त्यात डाळ नसते हे होय. बालकाच्या जठरात त्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर अन्न एका वेळी मावते. आठ किलो वजनाच्या मुलास २४० मिलिलिटर, म्हणजे साधारण एक मोठी वाटी. ही वाटी पाण्याने भरली तर पोट भरल्याची जाणीव तेवढी होते, पोषण होत नाही. तीच वाटी घट्ट वरण, मऊ भात व वरून चमचाभर तेल किंवा तूप यांनी भरली, तर एका चमच्या तेलानेच सुमारे ४५ उष्मांक अधिक जातात. ओळखण्याची खूण सोपी आहे : चमचा किंचित कलता धरला असता जे घरंगळून पडते ते पातळ, जे चमच्यावर राहते ते योग्य.

घट्ट अन्न मूल थुंकून टाकते, ही तक्रार यावर हटकून येते. सहा महिन्यांच्या आतील बालकाची जीभ तोंडात आलेला घट्ट पदार्थ बाहेर ढकलते. ही जन्मजात प्रतिक्रिया चौथ्या ते सहाव्या महिन्यात ओसरू लागते. सातव्या महिन्यात मूल थुंकते ते पुष्कळदा नावडीमुळे नव्हे, तर घास मागे नेण्याची कला त्याला अजून यावयाची असते म्हणून. कित्ता गिरविताना पहिल्याच दिवशी अक्षर वळणदार यावे अशी अपेक्षा कोणी शिक्षक करीत नाही. तोच न्याय येथे लावावा. नवा पदार्थ मुलाने स्वीकारण्यापूर्वी तो आठ-दहा वेळा, निरनिराळ्या दिवशी, जबरदस्ती न करता पुढे करावा लागतो. आई तिसऱ्या वेळीच थांबते आणि "त्याले आवडत नाई" हा निकाल कायमचा लागतो.

या शिक्षणालाही वय असते. इंग्लंडमधील ब्रिस्टल भागात हजारो मुलांच्या पाहणीत असे दिसले की, ज्यांना दहा महिन्यांनंतर प्रथम बारीक गाठी असलेले, चावावे लागणारे अन्न मिळाले, ती मुले सव्वा वर्षाची झाल्यावर खाण्याच्या बाबतीत अधिक त्रास देत होती. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यापासून अन्न गाळणे व मिक्सरमधून काढणे बंद करून नुसते बोटांनी कुस्करावे. वर्षाच्या मुलाला घरात शिजलेले सर्व काही तिखट बेताचे ठेवून देता येते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे व द्राक्षे मात्र देऊ नयेत; ती श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाण्याचे कूट भाजीत किंवा भातात घालावे.

पदार्थांसाठी बाजारात जाण्याचे कारण नाही. ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या, वरणात भिजवून कुस्करलेली भाकर, मुगाची खिचडी, चवळी-पालकाची घोटून केलेली भाजी, पपई, केळ, हंगामात संत्र्याच्या सोललेल्या फोडी आणि ज्या घरी चालते तेथे उकडलेले अंडे यांतून पुष्कळ काही साधते. भाजी व डाळीतील लोह अंगी लागावे म्हणून त्यावर लिंबू पिळावे. चहा देऊ नये. त्यातील द्रव्य लोहास अडविते, आणि चहात बुडविलेल्या बिस्किटाने दुपारची भूक मरते. गहू, मूग किंवा नाचणी यांना मोड आणून, वाळवून, भाजून केलेल्या पिठाचा एक गुण असा की, त्याची लापशी शिजल्यावर चिकट गोळा होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. जुन्या स्त्रिया नाचणीचे सत्त्व करीत त्यात हेच शहाणपण होते. ज्वारीला मात्र मोड आणू नयेत. कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ लागते हे शेतकरी जाणतात. ते विष कोवळ्या अंकुरातही असते.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी घरपोच आहार मिळतो. तो घरातील सर्वांत वाटला जातो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तिचा राग करण्यापेक्षा लहान मुलाची वाटी निराळी ठेवण्याचा आग्रह धरलेला बरा. एकाच ताटात चार भावंडांबरोबर बसलेल्या दीड वर्षाच्या मुलाने किती खाल्ले, हे कोणालाच सांगता येत नाही.

आता वेळेचा प्रश्न. जे मूल दिवसा खात नाही व रात्रभर पिते, त्याच्या बाबतीत दूध बंद न करता क्रम बदलावा. वर्ष उलटलेल्या मुलास उठल्यावर एकदा पाजावे, त्यानंतर तास-दीड तासाने न्याहारी द्यावी, आणि दिवसा प्रत्येक खेपेस आधी अन्न व मग दूध असा शिरस्ता ठेवावा. संध्याकाळी आई कामावरून आली, म्हणजे मूल धावत येते. त्या क्षणी त्याला नाकारणे कठोर होईल व निष्फळही ठरेल. तेव्हा थोडे पाजावे, आणि सर्वांची जेवणे होताना त्यालाही आपल्या वाटीसह बसवावे. वर्षानंतर दिवसातून तीन-चार वेळा जेवण व मध्ये एक-दोन वेळा काही खाणे लागते. वेचणीच्या दिवसांत आई घरी नसताना यांतील दोन वेळा आजीच्या किंवा बहिणीच्या हातून होतात. म्हणून नुसत्या आईला उपदेश करून उपयोग होत नाही.

भरविण्याची रीतही अन्नाइतकीच महत्त्वाची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने नलगोंडा जिल्ह्यातील साठ खेड्यांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. काही गावांतील मातांना वरच्या अन्नाविषयी माहिती दिली गेली. काही गावांत त्याजोडीस मुलाच्या खुणा ओळखून, त्याच्याशी बोलत-खेळत भरविण्याचे शिक्षण दिले गेले. आहार दोन्हींकडे सुधारला. परंतु बौद्धिक विकासाच्या चाचणीत दुसऱ्या गटातील मुले पुढे गेली. मुलाकडे पाहणे, घासाचे नाव घेणे, तोंड फिरविले तर थांबणे, त्याला स्वतःच्या हाताने सांडू देणे, यास पैसा लागत नाही, वेळ लागतो. नाक दाबून किंवा दोन्ही हात धरून भरविलेले मूल अन्न पाहताच रडू लागते. मोबाईलवरील चित्रे दाखवीत भरविण्याची नवी रीत गावांतही आली आहे. तिच्यात मूल गिळते, पण खाण्याकडे त्याचे लक्ष नसते आणि भूक भागल्याची खूणही ते विसरते.

दूध एकाएकी तोडण्याचा धोका जुना आहे. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथे सिसिली विल्यम्स या डॉक्टर स्त्रीने १९३३ साली अंगावर सूज येणाऱ्या, केस तांबूस होणाऱ्या बालकांच्या रोगाचे वर्णन केले. तेथील लोक त्याला क्वाशिओरकोर म्हणत. धाकटे भावंड येऊ घातल्यामुळे आईपासून दूर केलेल्या मुलाचा आजार, असा त्या नावाचा आशय. नाव देणाऱ्या अडाणी समजल्या गेलेल्या बायांनी रोगाचे कारण वैद्यकाच्या आधी ओळखले होते. आपल्याकडेही आईस पुन्हा दिवस गेले, की "आता थे दूध बाधते" म्हणून मोठ्या मुलाला तत्काळ तोडतात. ते दूध बाधत नाही. आईची प्रकृती ठीक असेल व डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर हळूहळू कमी करण्यास सवड असते.

वर्गातील पाठ

वर्ध्याच्या शिक्षकास या विषयाचा वर्गाशी सांधा जुळविणे जड जाऊ नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून बुनियादी शिक्षणाची योजना निघाली. पुढे जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत नई तालीमचे क्षेत्र विस्तारले आणि प्रौढशिक्षण, पूर्व-बुनियादी, बुनियादी व उत्तर-बुनियादी अशा चार अवस्था मानण्यात आल्या. लहान मुलाचे खाणे, स्वच्छता व आईचे शिक्षण हा पूर्व-बुनियादीचा भाग होता. चौथीच्या परिसर अभ्यासात आहाराचा घटक येतो. त्यास धरून दोन तासिकांत पुढील पाठ घेता येईल.

शाळेत खिचडी शिजते त्या दिवशी एका वाटीत वरचे पातळ पाणी व दुसऱ्या वाटीत घट्ट खिचडी घ्यावी. मुलांनी स्वतः चमचा कलता धरून पाहावा. मग दोन्ही वाट्या स्वच्छ फडक्यातून गाळाव्यात; फडक्यावर काय उरले ते सर्वांनी पाहावे. पाण्याच्या वाटीतून फडक्यावर जवळजवळ काहीच उरत नाही, आणि हे पाहिल्यावर फारसे सांगावे लागत नाही. त्यानंतर गणित : आठ किलोच्या बाळाच्या पोटात किती मावते? नऊ किलोच्या? पाच मिलिलिटरच्या चमच्याने मोजल्यास किती चमचे? उत्तर ४८ आले, की वर्गात हसू पिकते. अठ्ठेचाळीस घास भरविण्यास किती वेळ लागेल, असा प्रश्न लगेच विचारावा. मुले अंदाज करतात, वाद घालतात. भरविण्यास वेळ लागतो, ही गोष्ट त्यांना अशी उमगते. शेवटी घरी काल शिजलेल्या पदार्थांपैकी बाळाला कोणते देता येतील याची यादी वहीत लिहून घ्यावी. हा पाठ मुलगेही तितक्याच लक्षपूर्वक शिकतील असे पाहावे. भाऊही भरवू शकतो.

दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक वाटतात. कोणाचे भावंड खात नाही, कोणाचे वाळले आहे, असे प्रश्न वर्गात मुळीच विचारू नयेत. मूल लाजते व घरी जाऊन बोलते. दुसरी अशी की, या पाठाचा अर्थ मुलीने घरी राहून भावंड सांभाळावे असा घेतला जाता कामा नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिची जागा वर्गात आहे. वेचणीच्या दिवसांत बाळाची व्यवस्था कोणी करावी, हा प्रश्न ग्रामसभेत व शाळा व्यवस्थापन समितीत मांडण्याचा आहे, आणि मुख्याध्यापकांनी तो दिवाळीपूर्वीच मांडावा.

पालकसभेत बोलताना आईस दोष देऊ नये. पहाटे चारला उठून स्वयंपाक उरकून शेतावर जाणाऱ्या स्त्रीला "तुमचे लक्ष नाही" असे म्हणणे अन्यायाचे आहे, आणि पुढील सभेस ती येणार नाही. आजीस मान द्यावा. तिच्या नाचणीच्या सत्त्वापासून बोलणे सुरू करावे. बापालाही विचारावे की, बाळ काल काय जेवले. बहुतेकांस उत्तर येत नाही, आणि त्या शांततेत पुष्कळ काम होते. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सहकार्याने राज्याच्या बाल विकास सेवा योजनेत व युनिसेफच्या मदतीने 'आरंभ' हा पालकांसाठीचा उपक्रम आखला गेला. त्यातील पालकमेळाव्यांची पद्धत शाळेच्या सभेसही उपयोगी पडेल. मात्र डबाबंद बालअन्नाच्या प्रचारास शाळेचे आवार देऊ नये. १९९२ च्या कायद्याने व २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील बालकांच्या अशा अन्नाची जाहिरात निषिद्ध आहे.

सुधारणा होते काय, असे विचारणाऱ्यास राज्याचेच उदाहरण दाखविता येईल. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. दोन वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत सुमारे २३ टक्क्यांवर आले. पुढील काळात ही गती राहिलेली दिसत नाही. २०१५-१६ व २०१९-२१ या पाहण्यांत पाच वर्षांखालील मुलांतील हे प्रमाण ३४-३५ टक्क्यांच्या आसपासच आढळले.

प्रत्येक न खाणारे मूल केवळ सवयीमुळे खात नाही असे नाही. गिळताना ज्याला ठसका लागतो, जे वर्षाचे होत आले तरी आधाराशिवाय बसत नाही, ज्याच्या पायांवर सूज आहे, तळहात पांढुरके आहेत, वजन दोन महिने वाढलेले नाही, किंवा अंगणवाडीतील फितीने दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो, त्याला वाटीचमच्याच्या उपदेशावर ठेवू नये. त्याच दिवशी आशाताई किंवा अंगणवाडीताईंस कळवून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविण्याची व्यवस्था करावी. साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरच्या मुलावरही लक्ष ठेवावयाचे असते.

ताप किंवा हगवणीच्या काळात मूल अन्न नाकारते. तेव्हा आईचे दूधच त्याला तारते व ते अधिक वेळा द्यावे. आजार उतरला, की भूक परत येते. त्यानंतरचे दोन आठवडे नेहमीपेक्षा एक जेवण अधिक द्यावे, आणि बहीण शाळेत आली असेल तर तिला मधल्या सुट्टीत एवढेच विचारावे की, बाळाची वाटी आज कोणाकडे आहे.